बोनसमधलं चौदावं मिनिट

सत्य सूर्यासारखं असतं. ढग येतात, ग्रहण लागतं, माणसं छत्र्या उघडतात, पण शेवटी ते उगवतंच आणि चराचराला उजळून टाकतं. माझ्या घरातलं सत्य स्वयंपाकघराच्या माळ्यावर, इडलीपात्राच्या मागे, लाडवांच्या रिकाम्या डब्यात होतं. ते उगवू नये म्हणून दर दिवाळीला मी स्टुलावर चढून डब्याचं झाकण तपासत असे.

डब्यात एक डीव्हीडी होती. 'सासर माझं काशीला', स्पेशल एडिशन, बोनससह.

वाईला माझी व्हिडिओ लायब्ररी होती, त्या काळातली ही गोष्ट. भाड्याने द्यायच्या सिनेमांबरोबर मी विकतच्याही डीव्हीडी ठेवत असे. गिऱ्हाईक एका हातात साधी आणि एका हातात स्पेशल आवृत्ती धरून उभं राही आणि विचारी, "जयवंतराव, बोनस घेण्यासारखा असतो का हो?"

"काही नसतं," मी म्हणे. "नटी मेकअप करताना दाखवतात. मग दिग्दर्शक सांगतो, आम्ही सगळे एका कुटुंबासारखे राहिलो. साधी घ्या."

स्वतःच्या दुकानातला महागाचा माल घेऊ नका म्हणून सांगणारा दुकानदार वाईने पहिल्यांदाच पाहिला होता. लोकांनी मला प्रामाणिक ठरवून टाकलं. मीही हरकत घेतली नाही.

पुढे दुकान बंद झालं, डीव्हीडी गेल्या, आणि बघता बघता अशी वेळ आली की कुठलंही चलच्चित्र कोणीही घरबसल्या हवं तसं तयार करू लागलं. आधी नट्यांची झाली, मग पुढाऱ्यांची, मग शेजाऱ्यांची. दोन हजार छत्तीसच्या सुमाराला न्यायालयांनी हात टेकले. व्हिडिओ पुरावा म्हणून आणला की न्यायाधीश तो न बघताच बाजूला ठेवत. भिंतीवरच्या पालीने साक्ष दिली असती तर तिला जास्त किंमत मिळाली असती.

मग जळगावच्या डॉ. मुग्धा पेंढारकर यांनी जुन्या तबकड्यांचं वय मोजून दाखवलं. कारखान्यात छापलेली डीव्हीडी म्हणजे मुळात साच्यात दाबलेलं प्लास्टिक. चित्र आणि आवाज त्यात बारीक खड्ड्यांच्या रूपाने उमटलेले असतात. खड्ड्यांच्या रांगा इतक्या दाट, की केसाच्या जाडीत शंभर बसाव्यात. वरून ॲल्युमिनियमचा पातळ आरसा. बाईंचं म्हणणं असं, की या तबकडीत दोन घड्याळं चालू असतात. दाबलेलं प्लास्टिक थंड झाल्यावरही आतला ताण वर्षानुवर्षं हळूहळू सोडत राहतं, हे एक. आरसा दमट हवेने कणाकणाने काळवंडतो, हे दुसरं. तबकडी भट्टीत तापवून तिला म्हातारी करता येते, पण तापवल्यावर दोन्ही घड्याळं वेगवेगळ्या वेगाने पळतात आणि लबाडी कळते. दोन्हींची वेळ जुळली, तर तबकडी कुठल्या वर्षी छापली ते चार महिन्यांच्या फरकाने सांगता येतं. आणि एकदा छापलेल्यात नंतर कोणाला काही घुसडता येत नाही.

झालं. मुद्रित साक्ष कायदा आला आणि लोकांनी रद्दीवाल्याला दिलेल्या डीव्हीडी परत मागायला सुरुवात केली. कायद्यात एक मजा होती. सिनेमा पुरावा म्हणून चालत नाही, कारण तो मुळातच खोटा. बोनस चालतो. म्हणजे नायिका घाटावर रडते ते अग्राह्य. पण रडून झाल्यावर ती त्याच घाटावर बसून पोहे खाते आणि मागे गावाची पाटी दिसते, ते ग्राह्य.

ज्या गोष्टीत काही नसतं असं मी पंधरा वर्षं सांगितलं होतं, तिच्यातच आता सगळं होतं.

*

मंगळवारी सकाळी अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शैलजा. वय सत्तर. वाईपासून आठ किलोमीटरवर भिवरणे आहे, तिथं दिलेली. नवऱ्यामागे तिथंच तिने रोपवाटिका चालवली, आणि गेली दोन वर्षं एक खटला.

"जया, सासर माझं काशीला," ती चपला काढता काढता म्हणाली.

"तुझं सासर भिवरण्याला."

"सिनेमा रे. तुझ्या दुकानात होता बघ. आमच्या कुंडावर शूटिंग झालं होतं त्याचं. कुंडाला काशीचा घाट केला होता."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. बशीतला चहा मी तसाही पितो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

भिवरण्याचं कुंड दगडी, झऱ्याचं, बारमाही पाण्याचं. झुळूक रिसॉर्टने मागची टेकडी घेतली, कुंडाभोवती तारेचं कुंपण घातलं आणि सांगितलं की हे कुंड आम्हीच दोन हजार एकतीस साली बांधलं. पुरावा म्हणून त्यांनी एक चित्रफीत आणली; तिच्यात दोन हजार अठ्ठावीसमधला नुसता कातळ दिसत होता. गावाने आजोबा-पणजोबांचे कुंडातले फोटो आणले. रिसॉर्टचे वकील भाटवडेकर म्हणाले, असे फोटो माझी नात शाळेतून आल्यावर करते. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचं सगळं बाद केलं. गावकऱ्यांच्या साक्षी हितसंबंधी म्हणून बाद. गाव दोन वर्षं टँकरवर होतं.

"परवा शेवटची सुनावणी," अक्का म्हणाली. "परवा काही दाखवलं नाही तर तीस वर्षांसाठी पाणी त्यांचं. माझ्याकडे साधी डीव्हीडी आहे, पण तिच्यात नुसता सिनेमा. तिच्या पाठीवर लिहिलंय, स्पेशल आवृत्तीत पडद्यामागची तेवीस मिनिटं. ती मी पुण्यापर्यंत शोधली. एक मिळत नाही. कोणी गिळल्या काय सगळ्या?"

"फ्लॉप सिनेमा होता. छापल्याच नसतील फार."

"तुझ्याकडे?"

"छे. मी बोनसवाल्या ठेवायचोच नाही."

"आहे की," माझी बायको रोहिणी स्वयंपाकघरातून म्हणाली. "वन्सं, इडलीपात्रामागे डब्यात आहे बघा. यांचा फार जीव त्या सिनेमावर. एकतीस घेतल्या होत्या, आता एकच उरलीय."

अक्काने माझ्याकडे पाहिलं.

"विसरलो," मी म्हणालो.

"म्हातारा झालास," अक्का म्हणाली आणि इतक्या समाधानाने हसली की मला बशी खाली ठेवावी लागली. निघताना तिने नियम सांगितले. तबकडी मालकानेच घेऊन यायची. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सगळी दाखवायची. मधलं काही गाळलं तर ती काटछाट. मालकाला मध्येच हात वर करून ती परत घेता येते, पण मग पुन्हा दाखल करता येत नाही. आणि बोनसमध्ये दिसणारं एखादं तरी जिवंत माणूस उभं राहून म्हणालं पाहिजे, की हो, हे खरं आहे.

"ते कुठून आणणार?" मी विचारलं.

"बघू. दिग्दर्शक गेला, नटी गेली. साधू म्हणून वाईची पोरं नेली होती ट्रक भरून. त्यातला एखादा असेल जिवंत."

होता. तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला होता.

*

बारा मार्च दोन हजार नऊ. आईला साताऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. अक्का दोन रात्री तिच्याजवळ होती. मी सकाळी दहाला डबा घेऊन पोचायचं ठरलं होतं. डबा घेऊन स्टँडवर उभा होतो, तर समोर ट्रक आला. भिवरण्याच्या शूटिंगला साधू कमी पडत होते. ट्रकमधला माणूस म्हणाला, दोन तासांचं काम आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे सिनेमे विकले होते. तिशी उलटली होती. मी चढलो.

दोन तासांचे सहा झाले. अक्काला सांगितलं, हायवेला टँकर उलटला, गोंगाटात फोन ऐकूच आला नाही. ती म्हणाली, जाऊ दे, तू तरी काय करणार. आई दुपारी दोन चाळीसला गेली होती.

आठ महिन्यांनी डीव्हीडी आली. सिनेमात मी कुठेच नव्हतो. माझा साधू कापला होता. पण बोनसमध्ये होतो. चौदाव्या मिनिटाला. एकटा, जवळून, अर्धं मिनिट, बोलताना.

मग मी प्रत्येक दुकानातून स्पेशल आवृत्ती विकत घेतली आणि एकेक मोडली. शेवटची मोडवली नाही. माणूस गुन्हा लपवतो, पण त्यातलं आपलं काम चांगलं झालं असेल तर ते फेकून देत नाही.

मंगळवारी दुपारी मी ती शेवटची प्रत टेबलावर ठेवली आणि कंपासपेटीतलं कर्कटक काढलं. एक ओरखडा. बोनस बाहेरच्या कडेला असतो एवढं दुकानदार म्हणून मला माहीत होतं. कुंडही त्यातच होतं हेही माहीत होतं. माझ्या चौदाव्या मिनिटानंतर सोळाव्याला कुंड येत होतं. केसाच्या जाडीत शंभर रांगा. कर्कटकाच्या टोकाखाली मी आणि कुंड एकदमच जाणार होतो.

रोहिणी आत आली. "काय करताय?"

"पुसतोय."

"कर्कटकानं?"

मी ते खाली ठेवलं.  तेहतीस वर्षांच्या संसारात तिने मला एकही प्रश्न दोनदा विचारला नव्हता, आणि आत्ताही विचारला नाही. त्यामुळे जास्त त्रास होतो.

मग मी कायद्याचं पुस्तक वाचलं. ताजा ओरखडा निळ्या प्रकाशात जुन्या ओरखड्यापेक्षा वेगळा चमकतो. असा सापडला की तबकडी फितूर म्हणून जाहीर होते. फितूर शब्दापाशी मी पुस्तक मिटलं.

*

बुधवारी भिवरण्याला गेलो. सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होतं. अक्का, त्या दिवशी टँकर उलटला नव्हता. सोपं, पाच-सहा शब्दांचं वाक्य. मी ते रिक्षात अकरा वेळा म्हटलं आणि रिक्षावाला एकदा मागे वळून बघायला लागला.

अक्का रोपवाटिकेत होती. अर्ध्या वाफ्यांवर आता नुसत्या काळ्या पिशव्या उरल्या होत्या, आत काटक्या. उरलेल्या रोपांना ती पेल्याने पाणी घालत होती. पेला म्हणजे चहाचा. प्रत्येक रोपाला एक, आणि आजारी दिसेल त्याला दीड.

"ये. बघ, ही कुंपणाची तार," ती म्हणाली. आम्ही कुंडापाशी गेलो. तारेपलीकडे पाणी होतं, हिरवं, स्वच्छ, आणि त्यात रिसॉर्टचे दोन पाहुणे पाय सोडून बसले होते. त्यातल्या एकाने आम्हाला हात केला. अक्कानेही केला.

"काय चूक त्यांची," ती म्हणाली. "त्यांनी भाडं भरलंय."

"अक्का."

"काय रे?"

"त्या दिवशी..."

"कुठल्या?"

"आईच्या."

ती तारेवर हात ठेवून उभी राहिली. "मी तेच आठवत होते काल. शूटिंग चाललं होतं ते तेव्हाच. लोकांनी नंतर सांगितलं. मी नव्हतेच ना इथं, दवाखान्यात होते. तू तिकडं हायवेवर अडकलेला. मी आईला सारखं सांगत होते, जया येतोय, निघालाय. शेवटी ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, थापा मारू नकोस." अक्का हसली. "थापा कुठल्या? तू खरंच निघाला होतास. तिला काय माहीत."

रिक्षात अकरा वेळा म्हटलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. तसंच गिळलं.

"उद्या साधू नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"तर काय. रोपं देऊन टाकीन कोणाला तरी. पाण्याशिवाय मी इथं राहून काय करू? गाव उठेल हळूहळू. तू काय म्हणत होतास?"

"काही नाही. परत येताना रिक्षा मिळेल का, म्हटलं."

*

गुरुवारी अकराला सुनावणी. सुनावणी अधिकारी मुळीकबाई तिशीच्या, सर्दी झालेल्या. समोर वकील भाटवडेकर, आणि आमच्या बाजूला अक्का, गावची चार माणसं आणि मी. मी अक्काच्या शेजारी. तिने मला मुद्दाम जवळ बसवलं होतं, मालक म्हणून.

वाचनयंत्र चपटं, पोळीच्या डब्याएवढं होतं. तंत्रज्ञाने तबकडी आत सरकवली. निळा प्रकाश फिरला.

"छपाई दोन हजार नऊ, ऑगस्ट ते नोव्हेंबर," तो म्हणाला. "दोन्ही घड्याळं जुळतात. ताजा ओरखडा नाही."

"मालकांची संमती?" मुळीकबाई.

"आहे," मी म्हणालो.

"शेवटचं सेकंद होईपर्यंत हात वर करू शकता."

मी उजवा हात गुडघ्यावर ठेवला. तो तिथं पहिल्यांदाच बघत असल्यासारखा मी त्याच्याकडे बघत होतो.

मग नियमाप्रमाणे आधी आख्खा सिनेमा. दोन तास दहा मिनिटं. टंकलेखिकेने नोंद केली, काल्पनिक, अग्राह्य, आणि सासरी पाठवणीच्या प्रसंगाला डोळे पुसले. भाटवडेकर उभे राहिले.

"बाईसाहेब, चित्रपटात सात वेळा म्हटलंय की ही काशी. म्हणजे विरुद्ध पक्षाच्याच पुराव्यानुसार हे कुंड उत्तर प्रदेशात आहे."

"सिनेमा ग्राह्य नाही, वकीलसाहेब. बसा."

"मग बघितला कशाला?"

"कायदा आहे म्हणून. बसा."

बोनस सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं-सेकंद. मी म्हणायचो तसाच होता. दिग्दर्शक म्हणाला, आम्ही एका कुटुंबासारखे राहिलो. नटीने मेकअप केला. सातवं मिनिट. नृत्यदिग्दर्शकाने पाय मुरगळल्याचं सांगितलं. नववं. पोह्यांचं पातेलं. गावची चार माणसं पुढे सरकून बसली. कुंड अजून कुठेच नव्हतं, नुसते पुठ्ठ्याचे कळस. अक्का वहीत टिपत होती. अकरा. बारा.

तेराव्या मिनिटाला माझा हात गुडघ्यावरून उठला. चार बोटं. मुळीकबाईंनी वर पाहिलं. अक्कानेही पाहिलं, आणि तिला वाटलं मला पाणी हवंय. तिने तिची बाटली माझ्यापुढे केली. मी उठलेला हात बाटलीकडे नेला. पाणी प्यायलो. टोपण लावत होतो तेव्हा पडद्यावर साधू आला.

दाढी खोटी, जटा खोट्या, हातात वडापाव. कॅमेऱ्यामागून एका मुलीने विचारलं, बाबाजी, नाव काय तुमचं?

"जयवंत बोंद्रे," साधू म्हणाला. "वाईला गणपती आळीत आपली व्हिडिओ लायब्ररी आहे. सभासद व्हा."

"कसं वाटतंय शूटिंगला?"

"एक नंबर. घरून तीन फोन आलेत सकाळपासून. घेतलेच नाहीत. म्हटलं, साधूला कसलं घर."

तो हसला. काम खरंच चांगलं झालं होतं.

अक्काचं पेन थांबलं. ती माझ्याकडे वळली नाही. पडद्यावर आता दुसरंच काहीतरी चालू होतं, दिवे उचलणारी माणसं, पण ती अजून साधू होता त्या जागी बघत होती. मग तिने वही मिटली.

हात वर करायला अजूनही वेळ होता. म्हणजे आता उपयोग काहीच नव्हता, पण शरीराला ते कळत नाही. हात उठू बघत होता. मी तो डाव्या हाताने धरून ठेवला. पंधरा. पंधरा चाळीस. सोळा मिनिटं वीस सेकंदांनी वारा आला आणि पुठ्ठ्याचं काशीचं देऊळ उताणं पडलं. मागे कुंड. काठोकाठ भरलेलं. पायऱ्यांवर लोखंडी पाटी: ग्रामपंचायत भिवरणे, कुंडात कपडे धुऊ नयेत. पुढे एक पोरगेला माणूस तारखेचा फलक धरून हसत उभा: बारा-तीन-दोन हजार नऊ.

गावच्या माणसांतलं एक म्हणालं, "हाये. हाये की." दुसऱ्याने त्याला खाली बसवलं.

तेवीस मिनिटं झाली. यंत्र थांबलं. मुळीकबाईंनी नाक पुसलं. "दृश्यात दिसलेली, हयात असलेली कोणी व्यक्ती हजर आहे?"

 भाटवडेकर आधीच फाईल बांधत होते. त्यांना त्या दाढीतून माझ्या गोट्यासारख्या गुळगुळीत डोक्यापर्यंत पोचण्याचं कारण नव्हतं, आणि मालक म्हणून मी नुसती सही केली होती, बाराखडीच्या पलीकडची. अक्काने नुसतं बोट केलं असतं तरी चाललं असतं. तिने दोन्ही हात मिटलेल्या वहीवर ठेवले होते.

मी उभा राहिलो. "तो साधू मी."

शपथ झाली. भाटवडेकर फाईल सोडून आले.

"फलकावरच्या तारखा चुकीच्या असतात, हे सिनेमावाल्यांना विचारा. तुम्हाला चौतीस वर्षांपूर्वीची तारीख पाठ कशी?"

"त्या दिवशी दुपारी दोन चाळीसला साताऱ्याच्या दवाखान्यात माझी आई गेली. ते तीन फोन तिथून आले होते."

भाटवडेकर जरा थांबले. वाईट माणूस नसावा. पण पेशा पेशा असतो. "मग घेतले का नाहीत?"

"हा प्रश्न गैरलागू आहे," मुळीकबाई म्हणाल्या.

"असू दे बाई, सांगतो," मी म्हणालो. "डोक्याला जटा बांधल्या होत्या. फोन कानाला लावायचा तर त्या सोडाव्या लागत होत्या. आणि सोडल्या असत्या तर दुसऱ्याला साधू केला असता. रांगेत बरेच होते."

भाटवडेकर परत जागेवर जाऊन बसले.

"मातोश्रींच्या निधनाच्या तारखेचा काही आधार?" मुळीकबाईंनी हळू विचारलं. "छापील, मूळ?"

माझ्याकडे नव्हता. मी तसं म्हणणार एवढ्यात शेजारी फाईलचा पट्टा सुटल्याचा आवाज झाला. अक्का कागद चाळत होती; घरचे आणि खटल्याचे सगळे तिने एकाच फाईलमध्ये ठेवले होते. झऱ्याचे नकाशे, टँकरच्या पावत्या, आजोबांचे बाद झालेले फोटो. सगळ्यांच्या खालून तिने आईचा मृत्यूचा दाखला काढला, जुना, घडीवर पिवळा पडलेला, उठली, टेबलापर्यंत गेली, तो मुळीकबाईंच्या पुढ्यात सरळ करून ठेवला आणि परत येऊन बसली. या वेळी एक खुर्ची सोडून.

तारीख जुळली. मुळीकबाईंनी आदेश तिथंच वाचून दाखवला. कुंड दोन हजार नऊ साली अस्तित्वात होतं. कुंपण पंधरा दिवसांत काढावं. पाणी गावाचं.

*

बाहेर गावची माणसं अक्काभोवती गोळा झाली. कोणीतरी पेढे आणायला पळालं. माझ्याकडे कोणी आलं नाही. आले असते तरी काय म्हणाले असते. आवारात सिमेंटचा एक बाक होता, त्यावर झाडाची तुटपुंजी सावली. मी सावलीत जाऊन बसलो. दुपारचे तीन वाजले होते. ती आता जीपमध्ये बसेल आणि जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो. पुढची भाऊबीज, त्याच्या पुढची, सगळ्या मी डोक्यात एकेक करून रद्द करत गेलो. भिवरण्याला जायचा रस्ताही रद्द केला. माणूस स्वतःला शिक्षा सुनावतो तेव्हा बऱ्यापैकी उदार असतो, म्हणजे मग दुसऱ्याला काही सुनावायला शिल्लक राहत नाही.

जीप सुरू झाली. अक्का तिच्यात नव्हती. ती आवार ओलांडून आली. सत्तरीच्या गुडघ्यांनी, मध्ये एकदा थांबून. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. उन्हात.

तिने तळहाताने डोळ्यांवर आडोसा केला.

"तीन फोन म्हणालास तिथं," ती म्हणाली.

"हो."

"दोन मी केले होते. तिसरा तिनं केला. माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि स्वतः नंबर लावला. तिला दिसत नव्हतं नीट, तरी. कानाला धरून बसली होती, वाजून वाजून बंद होईपर्यंत."

 बोलण्यासारखं एक मोठं भाषण माझ्यापाशी चौतीस वर्षं तयार होतं. त्यात क्षमा होती, कारणं होती, तारुण्य होतं, एक-दोन ठिकाणी रडायची जागाही ठेवली होती. मी घसा साफ केला. तिच्याकडे तोंड केलं.

"अक्का," मी म्हणालो. "त्या दिवशी मी..."

"जया."

"हं?"

"जरा तिकडं सरक. ऊन लागतंय मला."